आधी कान, मग कॅमेरा, संगणक सगळ्यात शेवटी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कॉलेजं सुरू होऊन दोन-अडीच महिने झाले की सूचनाफलकावर लघुपट स्पर्धांची पत्रकं लागतात. हल्ली शाळांतही प्रकल्पाच्या वहीऐवजी व्हिडिओ मागतात. मुलं हौसेनं कामाला लागतात आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : एडिटिंगला कुठलं सॉफ्टवेअर चांगलं? कार्यशाळाही तिथूनच सुरू होतात. पहिल्याच तासाला पडद्यावर टाइमलाइन (चित्राचे आणि आवाजाचे तुकडे ओळीनं मांडायची पट्टी) उघडते, दुसऱ्या तासाला ट्रान्झिशन (एका शॉटवरून दुसऱ्यावर जाण्याच्या करामती), तिसऱ्या तासाला रंग बदलायचे. संकलन आणि ध्वनिमुद्रण हेच रोजचं काम असलेल्या आम्हा काही वाचकांची तक्रार या क्रमाबद्दल आहे. विद्यार्थ्यांचा लघुपट बिघडतो तो चित्रीकरणाच्या दिवशी. संगणकावर बसल्यावर फक्त तो बिघडल्याचं कळतं, आणि तोवर पात्रं आपापल्या गावी गेलेली असतात.

सुरुवात आवाजापासून करायला हवी. हललेलं, थोडं अंधारं चित्र प्रेक्षक चालवून घेतो. संवाद नीट ऐकू आला नाही तर दुसऱ्या मिनिटाला तो शेजाऱ्याशी गप्पा मारू लागतो. फोन बोलणाऱ्यापासून आठ फुटांवर असेल तर त्याच्या माइकला माणसाइतकाच छताचा पंखाही ऐकू येतो. माइकचं अंतर दुप्पट झालं की बोलण्याची पातळी साधारण ६ डेसिबलनं उतरते. पंख्याची घरघर मात्र खोलीभर पसरलेली असल्यानं जवळपास तेवढीच राहते. मग संगणकावर आवाज वाढवावा तर दोन्ही बरोबरीनं वाढतात. त्यावर ‘नॉइज रिडक्शन’ जास्त लावलं की माणूस पाण्याच्या टाकीत बसून बोलतोय असं वाटतं.

यावर खर्चाशिवायचा उपाय म्हणजे दुसरा फोन. ज्याचा संवाद असेल त्याच्या शर्टाच्या खिशात आवाज मुद्रित करणारं अ‍ॅप सुरू करून तो ठेवून द्यायचा, आणि उलटा ठेवायचा. फोनचा मुख्य माइक खालच्या कडेला, चार्जिंगच्या भोकाशेजारी असतो. फोन सरळ ठेवला तर तो खिशाच्या तळाशी जातो आणि कापडाची खरखर तेवढी येते. तारेचा कॉलर माइक घेतलाच तर तो हनुवटीखाली वीतभर अंतरावर, छातीच्या मध्यावर लावावा. मंगळसूत्र, ओढणी, ओळखपत्राची दोरी त्याला घासत नाही ना हे हात हलवून बघावं. त्याच्या पिनेवरच्या काळ्या रेघा मोजा. फोनला तीन रेघांची पिन लागते, कॅमेऱ्याला दोन रेघांची. दोन रेघांची पिन फोनमध्ये घातली तर फोन मुकाट्यानं स्वतःचाच माइक वापरत राहतो आणि दिवसभर कुणाला पत्ता लागत नाही. ज्या फोनना गोल भोकच नाही त्यांच्यासाठी बाजारात टाइप-सी कन्व्हर्टर मिळतात, पण त्यातले काही फक्त ऐकण्यापुरते असतात, त्यांतून माइक चालत नाही. म्हणून कुठलाही माइक लावला की दहा सेकंद बोलून, माइकवर बोटानं टकटक करून, हेडफोन घालून ऐकायचं. टकटक मोठी ऐकू आली तर माइक चालू आहे.

चित्र एका फोनवर आणि आवाज दुसऱ्यावर असला की दोन्ही जुळवावे लागतात. त्यासाठी प्रत्येक टेकच्या (रेकॉर्डिंग सुरू ते बंद, तो एक टेक) सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी. हात एकमेकांना भिडतात ती फ्रेम आणि आवाजाच्या आलेखातला उभा सुळका एकाखाली एक ठेवला की जुळलं. टाळी द्यायची राहिली तर टेक संपताना द्या, पण द्या. रेकॉर्डिंगच्या मीटरवर शून्य म्हणजे कमाल मर्यादा; संवादाची सर्वांत मोठी पातळी तिच्याखाली, उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहू द्यावी. शून्याला टेकून फाटलेला आवाज कुणालाही शिवता येत नाही. पंखा, एसी, फ्रिज बंद करायचे. फ्रिज बंद केला की गाडीची किल्ली त्यातच ठेवून द्यावी, म्हणजे घरी निघताना तो चालू करायची आठवण होते. हे आमच्या धंद्यातलं जुनं शहाणपण आहे. आणि प्रत्येक जागेवर सगळ्यांनी गप्प उभं राहून ३० सेकंदांची नुसती शांतता मुद्रित करायची. रिकाम्या खोलीचाही स्वतःचा आवाज असतो. दोन वाक्यांच्या मधला खोकला कापला की तिथे पोकळी पडते आणि कान लगेच दचकतो; ती पोकळी या ३० सेकंदांतून भरायची असते.

आता चित्र. आपल्याकडच्या मुलांना एक अडचण जास्तीची आहे, आणि ती एका चांगल्या गोष्टीतून आलेली आहे. पुरुषोत्तम करंडकासारख्या स्पर्धांनी एकांकिकेचं वळण आपल्या कॉलेजांत मुरवलं. अभिनय, लेखन, वेळ पाळणं हे सगळं मुलांना तिथून मिळतं. पण तेच वळण घेऊन लघुपट करायला गेलं की कॅमेरा तिसऱ्या रांगेतला प्रेक्षक होतो. पात्रं एका ओळीत उभी राहतात, पाठ कधीच दाखवत नाहीत, सगळं बोलून सांगतात, आणि शेवटी एक जण सामाजिक आशयाचं स्वगत म्हणतो. म्हणून पहिला लघुपट बिनसंवादाचा असावा असा आमचा आग्रह आहे. कथा नको, एखादं काम दाखवा. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून कॅमेरा घेऊन आले आणि त्यांनीही आधी राजा हरिश्चंद्राला हात घातला नाही. कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ त्यांनी रोज थोडी थोडी टिपली आणि पडद्यावर ते रोप बघता बघता उगवून आलेलं दाखवलं. ते पाहून भांडवल मिळालं, मग पुढचं.

वाटाण्याला महिना लागतो. सायकलचं पंक्चर वीस मिनिटांत निघतं आणि त्यात चित्रपटाची सगळी बाराखडी आहे. पंक्चरवाल्याची परवानगी काढायची, दुकानासमोर गर्दी न करता तिघांनीच जायचं : एक चित्र घेणारा, एक आवाज घेणारा, एक वहीत नोंद करणारा. आधी एक पंक्चर नुसतं बघायचं, फोन खिशात ठेवून. हात कुठून कुठे जातात, पाना कुठे ठेवलेला असतो, पाण्याचं घमेलं कुठल्या बाजूला, ऊन कुठून येतं. मग कॅमेरा कुठल्या बाजूला राहणार हे ठरवायचं आणि शेवटपर्यंत त्याच बाजूला राहायचं. टीव्हीवर कबड्डी पाहताना मुख्य कॅमेरा मैदानाच्या एकाच अंगाला असतो, म्हणून चढाई कुठल्या दिशेनं चालली आहे हे डोळ्याला न सांगता कळतं. तो मध्येच पलीकडे गेला तर गडी उलटा पळताना दिसेल. पंक्चरवाल्याच्या उजव्या हाताला बसून घेतलेल्या शॉटमध्ये ट्यूब डावीकडून उजवीकडे सरकत असेल, तर डाव्या हाताला जाऊन घेतलेल्या शॉटमध्ये ती उलट सरकेल. दोन्ही शेजारी ठेवले की काम पुढे चाललंय की मागे, हेच कळत नाही.

शॉट साधारण असे पडतात. झाडाला टांगलेल्या टायरसकट दुकान, लांबून. पान्यानं टायर रिंगेतून उचकटताना हात. आतून ट्यूब ओढून काढताना. पंपाचा दट्ट्या वरखाली. फुगलेली ट्यूब घमेल्यात इंच इंच फिरताना. पाण्यात बघणारा चेहरा. बुडबुडे. जागेवर खूण. पॉलिश पेपरनं घासणं. बोटानं सोल्युशन पसरणं. मग वाट पाहणं. इथे गिऱ्हाइकाचं घड्याळ, रस्ता, आडवी ठेवलेली सायकल. ठिगळ, हातोडी. पुन्हा घमेलं, या वेळी बुडबुडे नाहीत. प्रत्येक शॉट काम सुरू होण्याआधी पाच सेकंद चालू करायचा आणि संपल्यावर पाच सेकंदांनी थांबवायचा. ही दोन्हीकडची पाच सेकंदं नसली की कट कुठे मारायचा हा पर्यायच उरत नाही, आणि विद्यार्थ्यांच्या फुटेजमध्ये नेमकी तीच नसतात. हात हलला की रेकॉर्डिंग सुरू, हात थांबला की बंद. तीन सेकंदांच्या या तुकड्यांतून काहीही उभं राहत नाही.

हातोडीचा घाव घ्या. लांबच्या शॉटमध्ये हात वर जातो, जवळच्या शॉटमध्ये तो खाली येऊन ठिगळावर पडतो. कट हात खाली यायला लागल्यावर, हालचालीच्या मध्ये मारला तर प्रेक्षकाला तो दिसतच नाही, कारण त्याचा डोळा हाताबरोबर धावत असतो. हात वर थांबलेला असताना मारला तर ठेच लागल्यासारखं होतं. पण त्यासाठी दोन्ही शॉटमध्ये वर जाणं आणि खाली येणं पूर्ण हवं. पंक्चरवाल्याला ‘दादा, परत एकदा मारा ना’ म्हटलं तर तो एकदा ऐकेल, दुसऱ्यांदा वैतागेल. दुसऱ्या गिऱ्हाइकाची वाट बघा. ट्यूब काळीच असते, हात तेच असतात. पहिल्या पंक्चरमध्ये लांबचे शॉट घ्यायचे, दुसऱ्यात जवळचे. दोन्हींमध्ये अर्ध्या तासापेक्षा जास्त अंतर पडू देऊ नका, सावल्या सरकतात.

बुडबुड्यांचा शॉट हटकून फसतो. पाण्यावर आकाशाचं आणि फोन धरणाऱ्याचंच प्रतिबिंब पडतं. फोन थोडा तिरपा करून, पाण्यामागे काही गडद गोष्ट येईल असा कोन शोधायचा; उजेड बाजूनं किंवा समोरून आला की बुडबुड्याची कड चमकते. फोकस पडद्यावर बोट दाबून धरून पक्का करायचा, नाहीतर फोन क्षणात ट्यूबवर, क्षणात पाण्यावर जातो. आणि त्या बुडबुड्यांचा आवाज रस्त्याच्या कडेला कधीच मिळत नाही. तो रात्री घरी, बादलीत सायकलची पंक्चर ट्यूब बुडवून किंवा पेप्सीच्या नळीनं फुंकून, फोन पाण्यापासून वीतभरावर धरून घ्यायचा. फोली म्हणतात ते हेच. सिनेमात ऐकू येणारी पावलं, भांडी, कपड्यांची सळसळ यांतलं बरंचसं असंच नंतर भरलेलं असतं.

या साताठ मिनिटांच्या फुटेजमधून ६० सेकंदांचा लघुपट कापायचा. घासायला मिनिट लागतं, दाखवायला चार सेकंद पुरतात. सोल्युशन सुकायला वेळ जातो. मध्ये घड्याळाचा शॉट आला की प्रेक्षक तो वेळ मनातल्या मनात सोडून देतो. हातोडीचा आवाज चित्राच्या अर्धा सेकंद आधी, रस्त्याच्या शॉटवरच सुरू केला तर पुढचा शॉट ओढल्यासारखा येतो. याला जे-कट म्हणतात. पार्श्वसंगीत लावायचं नाही. ६० सेकंदांचा झाला की तेच फुटेज ३० सेकंदांत बसवायचं, मग ९० मध्ये. ३० सेकंदांच्या वेळी काय टाकलं आणि ९० च्या वेळी काय कमी पडलं, हे वहीत लिहिलं की पुढच्या वेळी काय चित्रित करायचं ते आपोआप समजतं. ट्रान्झिशनची यादी पाठ करून ते समजत नाही.

फोनच्या सेटिंगमध्ये फार थोड्या गोष्टी आहेत, पण त्या चुकल्या तर दुरुस्ती नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. शटर, म्हणजे एका फ्रेमसाठी उजेड आत घेण्याचा वेळ, १/५० सेकंद असेल तर प्रत्येक फ्रेममध्ये नेमकी दोन स्पंदनं सापडतात, १/१०० असेल तर एक; सगळ्या फ्रेम सारख्या उजळ. १/६० ठेवलं की हिशेब अपुरा राहतो आणि वर्गात घेतलेल्या चित्रात काळपट पट्टे सरकत राहतात. फोनच्या कॅमेऱ्यात शटर हातात येत नसेल तर ओपन कॅमेरा किंवा ब्लॅकमॅजिक कॅमेरा ही फुकट अ‍ॅप आहेत. सेकंदाला २५ फ्रेम मिळत असतील तर त्या, नाहीतर ३०; पण टीममधल्या सगळ्या फोनवर एकच आकडा. उन्हात मात्र १/५० धरून बसू नका, चित्र पांढरंफटक पडेल. तिथे शटर फोनवर सोडून फक्त एक्स्पोजर लॉक करायचं, म्हणजे ढग आला किंवा पांढरा शर्ट फ्रेममध्ये शिरला तरी उजेड वरखाली होत नाही. व्हाइट बॅलन्सही (चित्राची पिवळट-निळसर छटा ठरवणारं सेटिंग) लॉक. संथ गती हवी असेल तर घेतानाच सेकंदाला ५०, १०० किंवा त्याहून जास्त फ्रेमवर घ्या. २५ वर घेतलेलं नंतर ताणलं की ते धक्के खातं.

फोन फ्लाइट मोडवर. आईचा फोन आला की अनेकदा रेकॉर्डिंग तिथेच तुटतं. लेन्स सुती कापडानं पुसायची, दर तासाला. रात्रीच्या दिव्याभोवती जो स्वप्नाळू धुरकट प्रकाश दिसतो तो बहुतेक वेळा अंगठ्याचा ठसा असतो. झूम चिमटीनं करायचा नाही, दोन पावलं पुढे जायचं. ट्रायपॉड नसला तर एक किलो तांदळाची पिशवी स्टुलावर ठेवून तिच्यात फोन रुतवावा. हातात धरलेल्यापेक्षा कितीतरी स्थिर राहतो. चेहऱ्यावर उजेड कमी असेल तर खिडकीसमोर बसवून दुसऱ्या बाजूला थर्माकोलची शीट धरा. दुपारी १२ ते ३ च्या उन्हात डोळ्यांच्या जागी काळे खड्डे पडतात. सावलीत जा किंवा चहा प्या. एप्रिल-मेमध्ये फोन तापून स्वतःच बंद पडतो, म्हणून दोन टेकच्या मध्ये तो ओल्या फडक्याजवळ नव्हे, नुसत्या सावलीत ठेवायचा.

मग कुठे संगणक. १०८०पी, ३० फ्रेमचं चित्रण फोनवर मिनिटाला ढोबळमानानं ६० ते १३० एमबी जागा खातं. तीन मिनिटांच्या लघुपटासाठी अर्धा तास फुटेज धरलं तर चार जीबीपर्यंत. ४के च्या नादाला लागलात तर याच्या अडीच-तीनपट, आणि लॅबमधला संगणक गुडघे टेकतो. फुटेज केबलनं उतरवायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलं की ते दाबून बारीक केलं जातं आणि ती गुणवत्ता परत येत नाही. पाठवायचंच तर डॉक्युमेंट म्हणून. पेन ड्राइव्हवर भरपूर जागा असूनही मोठी फाइल कॉपी होत नसेल तर तो एफएटी-३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला असतो, त्याला ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल चालत नाही. एक्सफॅटवर फॉरमॅट करा, आधी त्यातलं सगळं बाहेर काढून. दोन ठिकाणी प्रत झाल्याशिवाय फोनमधलं पुसायचं नाही.

सॉफ्टवेअरबद्दल इतकंच. १६ जीबी रॅम आणि बरं ग्राफिक्स कार्ड असेल तर दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती घ्या. साध्या एक्स्पोर्टवर ती शिक्का मारत नाही. ८ जीबीच्या संगणकावर शॉटकट किंवा केडेनलाइव्ह, दोन्ही मुक्त आणि फुकट. अडखळत चाललं तर प्रॉक्सी तयार करा : मूळ फुटेजची हलकी प्रत, कापताना ती वापरली जाते आणि शेवटी मूळ फाइल लागते. रिझॉल्व्हमध्ये फ्रेमचा आकडा प्रोजेक्ट सुरू करतानाच, फुटेज आत घेण्याआधी ठरवायचा. नंतर तो बदलू देत नाही आणि मूळचा आकडा २४ असतो. फोनचं फुटेज दहा मिनिटांनंतर आवाजाच्या पुढेमागे सरकत असेल तर दोष तुमचा नाही. फोन उजेडाप्रमाणे आणि तापमानाप्रमाणे फ्रेमचा वेग किंचित बदलत राहतो. हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून आधी रूपांतर करून घ्या.

विद्यार्थ्यांचा सगळ्यात जास्त वेळ जाणारा घोटाळा वेगळाच आहे. घरी निम्मं कापून प्रोजेक्टची फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन कॉलेजात येतात, उघडतात, आणि सगळी टाइमलाइन लाल : ‘मीडिया ऑफलाइन’. प्रोजेक्टच्या फाइलमध्ये चित्र नसतंच. कुठल्या फोल्डरमधल्या कुठल्या फाइलचा कुठला तुकडा, एवढी चिठ्ठी असते. म्हणून पहिल्या दिवशी एक फोल्डर करायचं, त्यात चित्र, आवाज, संगीत, पाट्या, प्रोजेक्ट अशी पाच पोटफोल्डर, आणि तेच अख्खं फोल्डर इकडून तिकडे न्यायचं. मध्येच फाइलींची नावं बदलायची नाहीत. कापायला बसण्यापूर्वी सगळं फुटेज एकदा सलग बघून वहीत टेकचा क्रमांक आणि एक शब्द लिहायचा : चांगला, हललाय, हॉर्न. कंटाळवाणं काम आहे, पण पुढचे दोन दिवस वाचतात. आवाजाच्या प्रत्येक कटवर दोन-तीन फ्रेमचा क्रॉसफेड (एक आवाज विरत असतानाच दुसरा चढवणं) दिला की ‘टक’ असा येणारा बारीक आवाज जातो.

मराठी पाट्यांचं दुखणं निराळं लिहायला हवं. ‘विद्यार्थी’ हा शब्द टाइप केला आणि वेलांटी ‘व’च्या नंतर पडली, ‘द्य’ सुटून हलन्त दिसला, असं झालं तर चूक फॉन्टची नसते. अ‍ॅडोबी प्रीमियरमध्ये प्रेफरन्सेसमधल्या ग्राफिक्स विभागात टेक्स्ट इंजिन बदलून दक्षिण आशियाई लिप्यांचं करावं लागतं. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर इंग्रजी अक्षरांची खिचडी होतो. मुक्ता, बालू, नोटो सॅन्स देवनागरी हे युनिकोड फॉन्ट फुकट आहेत. ‘श’ आणि ‘ल’ हिंदी वळणाचे उमटतात ही तक्रार खरी आहे : काही फॉन्टांत मराठी वळणाची अक्षरं आत असतात, पण संकलनाच्या सॉफ्टवेअरला भाषा मराठी आहे हे कळत नाही. मुख्य पाटीपुरतं तरी लिबरऑफिसमध्ये अक्षरांची भाषा मराठी ठेवून पाटी तयार करा आणि पारदर्शक पीएनजी म्हणून आणा. उपशीर्षकांची एसआरटी फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवली नाही तर सगळी प्रश्नचिन्हं दिसतात. आणि तिच्यात सेकंद व सहस्रांश यांच्यामध्ये स्वल्पविराम असतो, टिंब नाही. एका वेळी दोनच ओळी. वाचून होईल इतका वेळ ती राहते ना, हे लघुपट न पाहिलेल्या माणसाला दाखवून ठरवा. स्वतःला संवाद पाठ असतात.

गाण्यांबाबत एक समज कॉलेजाकॉलेजांत फिरत असतो की ३० सेकंदांपर्यंत कुठलंही गाणं वापरता येतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सेकंदांची अशी कुठलीही सूट नाही, आणि शेवटी ‘सौजन्य’ लिहिल्यानं परवानगी मिळत नाही. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतलं संगीत घ्या, त्यातल्या काहींना श्रेय द्यावं लागतं ते वाचून घ्या. किंवा वर्गात पेटी-तबला शिकणारं कुणी ना कुणी असतंच. त्याच्याकडून चार मिनिटं वाजवून घ्या. बोलण्याखाली संगीत इतकं हळू ठेवायचं की ते बंद केल्यावरच होतं हे कळावं. रेल्वे स्थानकावर आणि पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या किल्ल्यांवर चित्रीकरणाला परवानगी लागते; ऐन वेळी शिट्टी वाजते आणि दिवस फुकट जातो. तेव्हा पहिल्या वर्षी गड सोडा, गल्ली घ्या.

स्पर्धा भरवणाऱ्यांनाही विनंती आहे. नियमावलीत ४के ची अट घालून कुणाचं भलं होत नाही. हॉलचा प्रोजेक्टर बहुधा तेवढं दाखवतही नाही. पहिल्या वर्षाच्या गटासाठी ‘तीन मिनिटं, संवाद नाहीत, संगीत नाही, फक्त जागेवरचे आवाज’ असा विभाग ठेवून बघा. श्रेयनामावलीला १५ सेकंदांची मर्यादा घाला. संस्थाध्यक्षांपासून नाश्ता देणाऱ्यापर्यंतची नावं वर सरकून संपेपर्यंत ४० सेकंद जातात आणि तीन मिनिटांचा लघुपट अजून सुरू झालेला नसतो. उत्कृष्ट संकलनाचं बक्षीस देताना कापलेल्या टाइमलाइनबरोबर शॉटची वहीही मागवा. चकचकीत ट्रान्झिशन किती आहेत हे पाहून ते देण्याची रीत बंद झाली तर कार्यशाळांचाही क्रम बदलेल.

प्रदर्शनासाठी फाइल एच.२६४, १९२० बाय १०८०, सेकंदाला १० मेगाबिटच्या आसपास, आवाज ४८ किलोहर्ट्झ. पाच मिनिटांची फाइल ३७५ एमबीच्या जवळपास होते. ती फोनच्या स्पीकरवर, हेडफोनवर आणि घरच्या टीव्हीवर, तिन्हीकडे एकदा पूर्ण ऐकायची. हेडफोन लावल्यावर आवाज एकाच कानात येत असेल तर कॉलर माइकनं तो फक्त डाव्या चॅनलवर मुद्रित केलेला आहे. क्लिपच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये ती मोनो करून दोन्हीकडे द्या. घरी फोनवर पाहताना हे लक्षात येत नाही. कॉलेजच्या हॉलमध्ये मात्र बरेचदा लॅपटॉपपासून स्पीकरपर्यंत एकच वायर आलेली असते, आणि ती उजव्या चॅनलची निघाली तर पडद्यावर माणसं तोंड हलवत राहतात. आदल्या दिवशी पेन ड्राइव्ह घेऊन हॉलवर जायचं, शिपाईकाकांकडून किल्ली घ्यायची आणि तिथल्या स्पीकरवर लावून बघायचं.

आपले,
संकलन व ध्वनिमुद्रणाचं काम करणारे काही वाचक, पुणे